दाढीनंतर काय लावावं? तुरटी, स्प्लॅश आणि बाम यांची जोडी

पोवईनाका

दाढी झाल्यावर काय लावायचं याबाबत बहुतेक घरांत एकच रीत दिसते. वडील जी बाटली वापरायचे तीच मुलगा उचलतो, गालाची आग झाली की बाटली बदलतो, आणि नवी बाटलीही बहुधा त्याच जातीची निघते. माझं मत असं की एका बाटलीकडून आपण दोन कामं मागतो, तिथेच सगळं फसतं.

पातं फिरतं तेव्हा केसांबरोबर कातडीच्या सगळ्यात वरच्या थराचा थोडा भागही निघून जातो. ओलावा धरून ठेवणारी चरबी त्याच थरात असते. त्यामुळे दाढीनंतर दोन गरजा उभ्या राहतात. जिथे बारीक कापलंय तिथलं रक्त थांबावं, जंतू वाढू नयेत ही एक. आणि उघड्या पडलेल्या कातडीतलं पाणी उडून जाऊ नये ही दुसरी. पहिलं काम तुरटी किंवा पातळ आफ्टरशेव्ह, म्हणजे आपण ज्याला स्प्लॅश म्हणतो ते करतं. दुसरं काम बामचं, म्हणजे दाढीनंतर लावायच्या मलईसारख्या लोशनचं, डोकेदुखीच्या बामचं नव्हे. ओल्ड स्पाइस पुरुषांसाठी १९३८ पासून विकलं जातंय. तो वास अनेकांच्या घरातला वास आहे आणि मला तो मनापासून आवडतो. पण असल्या स्प्लॅशमध्ये मुख्यतः अल्कोहोल, पाणी आणि सुगंधी द्रव्यं. त्याने गाल मऊ राहावा असं कसं होईल?

मी काय करतो ते सांगतो. दाढी संपली की भरपूर गार पाणी. साबणाचा अंशही राहू द्यायचा नाही. साबण अल्कलीधर्मी, त्याचा पीएच ९ ते १० च्या घरात, तर निरोगी कातडीचा ५ च्या आसपास. फेस हमखास राहतो तो कानाच्या पाळीखाली आणि जबड्याच्या आतल्या बाजूला, आणि दिवसभर खाज तिथेच सुटते. मान वर करून आरशात एकदा बघा. मग ओली तुरटी हलक्या हाताने एकदाच फिरवायची, अर्धा-एक मिनिट थांबायचं आणि धुऊन टाकायची. हे धुणं बरेच जण गाळतात. तुरटी कातडीतली प्रथिनं आकसवते, म्हणून रक्त थांबतं, आणि तशीच वाळू दिली तर त्याच गुणामुळे चेहरा ताणून धरल्यासारखा होतो.

टॉवेलने टिपून घ्यायचं, पण कोरडंठाक करायचं नाही. स्प्लॅश हवाच असेल तर थोडे थेंब, तेही जबड्याला आणि त्याच्या खाली. गालाच्या हाडावर आणि ओठांच्या कडेला नको. तो उडून जाईपर्यंत थांबायचं. अल्कोहोलबरोबर चेहऱ्यावरचं पाणीही जातं, म्हणून ओल्या हाताने चेहरा पुन्हा जरा दमट करून घ्यायचा. मग वाटाण्याएवढा बाम दोन्ही तळहातांवर पसरून चेहऱ्यावर दाबत लावायचा, खसाखसा चोळायचा नाही.

जोडी जमवताना दोघांपैकी एकालाच वास असू द्या. स्प्लॅश वासाचा असेल तर बाम बिनवासाचा. दोन वास मिळून तिसरंच काहीतरी होतं आणि सुगंधी द्रव्यांचा मारा दुप्पट होतो, जो नाजूक कातडीला सोसत नाही. दोन्ही तळहातावर कालवून एकदम लावणारेही मी पाहिलेत. अल्कोहोलने बाम फाटू शकतो, मग तेल-पाणी सुटं होऊन चेहऱ्यावर पांढरे कण राहतात.

बाम घेताना बाटलीची मागची बाजू वाचा. ग्लिसरीन, पँथेनॉल, अलँटॉइन ही नावं चांगली. ‘अल्कोहोल डिनॅट’ पहिल्या चार-पाच नावांत असेल तर तो बाम फक्त नावाचा. सेटिल किंवा सेटिअरिल अल्कोहोल दिसलं तर घाबरू नका, ती मेणासारखी, कातडी मऊ करणारी द्रव्यं आहेत, उडून जाणारं अल्कोहोल नव्हे.

हे सगळं साताऱ्याच्या हवेत बसवलेलं आहे. इथे डिसेंबर-जानेवारीत सकाळी गाडीवरून एमआयडीसीकडे जाताना वारा गालांना सोलून काढतो, म्हणून बाम जाडसर लागतो. सांगली-मिरजेच्या उन्हाळ्यात तोच बाम चिकट होत असणार. तिकडची मंडळी काय करतात?

गोळ्या_औषधं_मिरज

उत्तम धागा. मी औषधाच्या दुकानात असतो, हा प्रश्न रोज येतो.

आधी त्या आगीबद्दल. आपल्या कातडीत उष्णता ओळखणारं एक प्रथिन असतं, टीआरपीव्ही१. एरवी ते ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास जागं होतं आणि ‘भाजतंय’ असा निरोप मेंदूला देतं. अल्कोहोल लागलं की हा उंबरठा ३४ अंशांच्या जवळ उतरतो. म्हणजे आपल्याच अंगाच्या उबेने भाजल्यासारखं वाटतं. तिखटातलं कॅप्सेसिन ह्याच प्रथिनाला चेतवतं. मेंथॉलची गंमत उलटी. ते थंडी ओळखणाऱ्या टीआरपीएम८ ह्या प्रथिनाला जागं करतं, चेहऱ्याचं तापमान उतरलेलं नसतानाही गार वाटतं. ‘झोंबलं म्हणजे औषध लागलं’ असं गिऱ्हाईक ठामपणे सांगतं तेव्हा मी हे समजावतो. झोंबण्याचा आणि जंतू मरण्याचा संबंध नाही.

माझ्या मते घरी, स्वतःच्या रेझरने, नव्या पात्याने दाढी करणाऱ्याला अल्कोहोलची गरजच नाही. वासासाठी हवं असेल तर ते शर्टावर लावा. चेहऱ्याला तुरटी, पाणी आणि बाम पुरे.

आमच्याकडच्या एप्रिल-मेमध्ये बामऐवजी पातळ जेल बरं पडतं. कोरफड आणि ग्लिसरीन असलेलं कोणतंही साधं जेल चालेल. घरची कोरफड वापरणार असाल तर एक काळजी घ्या. पान कापल्यावर सालीखालून पिवळट चीक येतो, तो कातडीला त्रास देतो. पान कापलेली बाजू खाली करून पेल्यात उभं ठेवा, चीक निथळू द्या, मग साल काढून आतला गर धुऊन घ्या आणि तो लावा.

सुभेदार_अपशिंगे

पोरांनो, फौजेत रोज दाढी, ऊन असो की बर्फ. त्यामुळे ह्या विषयावर बोलायचा मला हक्क आहे.

कडाक्याच्या थंडीत आम्ही दाढी रात्री करायचो, झोपायच्या आधी. सकाळी दाढी करून लगेच वाऱ्यात उभं राहिलं की गाल तडकतात, रक्त येतं. रात्री केली तर कातडीला सकाळपर्यंत सावरायला वेळ मिळतो. दाढीनंतर चेहरा ओला असतानाच बोरोलीनचा पातळ हात. बोरोलीन १९२९ पासून आहे, माझ्या वडिलांच्या ट्रंकेतही हिरवी ट्यूब असायची. सातारकरांनी थंडीचे दोन महिने रात्री दाढी करून बघावी. सकाळची घाईही वाचते.

स्प्लॅश मी आजही लावतो. पोवईनाका म्हणतात तसा आधी स्प्लॅश, मग क्रीम. क्रीम आधी लावलं तर स्प्लॅश वरच्या वर राहतो आणि क्रीमही पातळ होतं.

गोळ्या_औषधं_मिरज

सुभेदार काका, रात्रीच्या दाढीचा सल्ला मी आता गिऱ्हाइकांनाही सांगणार. बोरोलीनमध्ये लॅनोलिन आणि झिंक ऑक्साइड असतं, कातडीवर राखण करणारा थर बसतो, थंडीत रात्री ते चांगलंच. फक्त त्यात बोरिक ॲसिडही आहे, म्हणून मोठ्या उघड्या जखमेवर किंवा लहान बाळांना नको. ज्यांना मुरमं येतात त्यांनी जाड मलमं जबड्यावर टाळावीत.

गणपतीपेठ_सलून

नमस्कार मंडळी. सांगलीत आमचं सलून हाय, वडलांपास्नं. गिऱ्हाइकाच्या बाजूनं सगळे बोलले, खुर्चीच्या मागनं काय दिसतं ते सांगतो.

नव्वद टक्के आग ही बाटलीमुळं न्हाई, उलट्या दाढीमुळं होती. गिऱ्हाईक म्हणतंय “एकदम गुळगुळीत पायजे”, मग सुलटी मारून वर उलटी, गळ्यावर तर तीन-तीनदा. गळ्याचे केस एका दिशेनं नसत्यातच. घाटीजवळ ते आडवे फिरत्यात, काहींचे खालनं वर येत्यात. बोट फिरवून बघा, जिकडं अडकतंय ती उलटी बाजू. गळ्याला उलटी मारायचीच न्हाई, मग वर काहीबी लावा, सोसतं.

दुसरं तुरटीचं. एकच खडा दिवसभर सगळ्यांच्या गालावर फिरवायची रीत आमी बंद केली. रक्ताचा डाग लागलेला खडा दुसऱ्याला कसा लावायचा? आता तुरटीचं पाणी बाटलीत करून ठिवतो, फवारा मारतो, कापसानं टिपून घेतो. ब्लेड तर गिऱ्हाइकाच्या डोळ्यादेखत नवं फोडायचं, ह्यात तडजोड न्हाई. कावीळ बी, एड्स, सगळं रक्तातनं जातं. तुमी कुठंबी दाढीला बसला तर नवं पातं मागून घ्या, कारागिराला राग येत न्हाई, यायलाच नको.

आणि वाफ. गरम पाण्यात पिळलेला नॅपकिन दोन मिनिटं ठिवला की केस मऊ पडतो, पातं ओढत न्हाई. दाढीनंतरचं निम्मं काम दाढीआधी होतं बगा.

इस्लामपूर_हॉस्टेल

सलूनवाले दादा, गळ्यावरचं अगदी बरोबर सांगितलंत. माझे केस कुरळे आहेत आणि दाढीनंतर दोन दिवसांनी गळ्यावर लाल फोड येतात, काहींत केस आतच वळलेला दिसतो. रूममेटने एक मलम दिलं, त्याने पहिल्या आठवड्यात एकदम साफ झालं. थांबवलं की दुप्पट येतात. तेच मलम बामबरोबर रोज लावलं तर चालेल का?

गोळ्या_औषधं_मिरज

भावा, ते मलम आजच थांबव आणि ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. तू जे वर्णन करतोयस त्यावरून त्यात स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता आहे. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव ट्यूबवर बघ. लावलं की लाली झटकन उतरते, म्हणून लोकांना ते जादू वाटतं. चेहऱ्यावर महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, उन्हात गेलं की चेहरा पेटतो, आणि सोडलं की सगळं उसळून वर येतं. हा प्रकार आपल्या देशात इतका वाढला की २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरीही ती हातोहात फिरतात. जवळच्या माणसाने दिलेलं असतं म्हणून कुणी शंका घेत नाही. मला ह्याचं फार वाईट वाटतं, कारण दुकानात विशी-बाविशीतली पोरं चेहरा झाकून येतात.

फोडांबद्दल: कुरळा केस फार खोल कापला गेला की वाढताना कातडीतच घुसतो. म्हणून गुळगुळीत दाढीचा नाद सोड. काही आठवडे ट्रिमरने एक मिलिमीटर ठेवून काप, चार-पाच पात्यांचं रेझर बाजूला ठेव. डॉक्टरांनी सांगितलं तर सॅलिसिलिक ॲसिडचं सौम्य लोशन एक दिवसाआड, दाढी नसेल त्या रात्री. ते आणि अल्कोहोलचा स्प्लॅश ही जोडी कधीच नको, कातडी सोलवटून निघेल. वरून बिनवासाचं हलकं मॉइश्चरायझर.

इस्लामपूर_हॉस्टेल

ट्यूबवर क्लोबेटासोलच आहे. उद्याच जातो. धन्यवाद दादा.

वाळवा_शेतकरी

एवढी रसायनं कशाला? आमच्याकडे दाढीनंतर हळद-चंदन नाहीतर अर्धं लिंबू फिरवतात. सांगलीची हळद जगात जाते आणि आपण ट्यूबा विकत घ्यायच्या?

गणपतीपेठ_सलून

दादा, हळदीला नाव ठिवायची माझी हिंमत न्हाई, आमच्या गावाचं पोट तिच्यावर हाय. पण ताज्या दाढीवर हळदीचं कण घासलं की चुरचुरतं, आणि गिऱ्हाइकाची कॉलर पिवळी. दाढी नसंल त्या दिवशी साईत कालवून लावा, मग बघा.

गोळ्या_औषधं_मिरज

लिंबाला मात्र माझा स्पष्ट विरोध. रसाचं आम्ल उघड्या कातडीला झोंबतंच, त्याहून मोठी भीती उन्हाची. लिंबाच्या सालीत आणि रसात सोरालेन जातीची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना कडक ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येऊन काळे डाग पडतात आणि ते महिनोन्महिने जात नाहीत. शेतात दिवसभर उन्हात असणाऱ्याने तर मुळीच लावू नये. घरचंच हवं असेल तर आमसुलाचं तेल घ्या. गोळा घट्ट असतो, अंगाच्या उबेने बोटावर विरघळतो. दमट गालावर त्याचा नखभर तुकडा पुरतो. थंडीत टाचांना लावतोच की आपण.

आणि ग्लिसरीन-गुलाबपाणी. ग्लिसरीन कधीही तसंच लावू नका, कोरड्या हवेत ते कातडीतलंच पाणी ओढून घेतं. एक भाग ग्लिसरीनला तीन-चार भाग गुलाबपाणी, थोडंच करायचं, फ्रिजमध्ये ठेवून आठवडाभरात संपवायचं.

कृष्णाकाठची

मी सांगलीहून लिहितेय. माझे वडील अंथरुणाला खिळून आहेत, त्यांची दाढी मी करते. त्यांना दाढी वाढलेली अजिबात आवडत नाही, आरसा मागतात, गालावरून हात फिरवून बघतात. कातडी इतकी पातळ झालीय की ओढली की तशीच राहते. रक्त पातळ करायची गोळीही सुरू आहे, त्यामुळे जरासं लागलं तरी रक्त थांबत नाही. त्यांना त्यांच्या जुन्या स्प्लॅशचा वास हवा असतो. काय करू?

सुभेदार_अपशिंगे

ताई, आधी तुमचं कौतुक. स्प्लॅश चेहऱ्याला नको, त्यांच्या रुमालावर दोन थेंब टाका आणि रुमाल उशीशी ठेवा. वास मिळेल, आग नाही.

पोवईनाका

सुभेदारांचा उपाय उत्तम आहे. त्यात भर घालतो. आजोबांसाठी पातं बंदच करा, बॅटरीवरचा ट्रिमर घ्या. एका हाताने गाल हलकेच वरच्या बाजूला ताणायचा आणि ट्रिमर सपाट धरायचा, सुरकुतीत टोक घुसू द्यायचं नाही. अंघोळ घातल्यावर किंवा कोमट ओल्या फडक्याने शेकल्यावर केस मऊ असतात खरे, पण ट्रिमर कोरड्या केसावर नीट चालतो, म्हणून पुसून दहा मिनिटं थांबा. झाल्यावर साध्या पाण्याने टिपून बिनवासाचा बाम दोनदा, सकाळी आणि झोपताना. दाढी रोज नसली तरी बाम रोज.

गोळ्या_औषधं_मिरज

ताई, रक्त आलं तर स्वच्छ कापूस दाबून धरा आणि मध्ये उचलून बघू नका, बघितलं की धरलेली गुठळी निघते. मग ओल्या तुरटीचं टोक नेमकं त्या जागी. त्यांचा तुरटीचा खडा वेगळा ठेवा. दहा-पंधरा मिनिटं सलग दाबूनही थांबलं नाही तर डॉक्टरांना फोन करा. गोळी मनाने बंद करू नका.

कृष्णाकाठची

रुमालाचं आजच केलं. वडील पाच मिनिटं तो नाकाशी धरून होते. ट्रिमर मागवते.

जतचा_बोअर

आमच्याकडे पाण्याचाच प्रश्न. बोअरचं पाणी इतकं जड की फेसच होत नाही, दाढीनंतर चेहऱ्यावर पांढरी साय धरते. बाम लावला की त्याच्या वळकट्या निघतात. बाम बदलून बघायचा का?

पोवईनाका

बाम बदलून फरक पडणार नाही. जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी जुळून तो चिकट थर तयार होतो आणि बाम त्या थरावर बसतो, कातडीपर्यंत पोचतच नाही. वळकट्या त्याच्याच. दाढी बोअरच्या पाण्याने करा, पण शेवटचं धुणं पिण्याच्या आरओ फिल्टरच्या पाण्याने. एक तांब्याभर पुरतं. आधी ओल्या फडक्याने फेस पुसून काढायचा, मग ते पाणी वापरायचं, म्हणजे वाया जात नाही. तुरटी धुतानाही तेच पाणी.

उन्हात काम असेल तर बाम मुरल्यावर पाच-सात मिनिटांनी सनस्क्रीन, एसपीएफ ३० पुरे. लगेच लावलं तर त्याच्याही वळकट्या होतात.

गणपतीपेठ_सलून

धाग्यातनं लई शिकायला मिळालं. दुकानात आता बिनवासाचा बाम ठिवायचा म्हणतोय. मोठा डबा स्वस्त पडतो, तो घेऊ का?

गोळ्या_औषधं_मिरज

डबा नको. प्रत्येक गिऱ्हाइकागणिक त्यात बोटं बुडणार आणि नव्या पात्याची तुमची सगळी काळजी तिथे वाया जाणार. पंपाची बाटली घ्या, एका दाबात एका चेहऱ्यापुरता येतो. अर्ध्या लिटरचीही मिळते, हिशेबात फार फरक पडणार नाही. फक्त बाटली आरशासमोरच्या दिव्याच्या उबेत ठेवू नका, खालच्या कप्प्यात ठेवा.